गुडघ्यांसाठी

४ जानेवारी

ठमे,

ऑपरेशन होऊन तुला तीन महिने होत आले आणि तुझी एक ओळ नाही. फोनवर विचारलं की "बरी आहे गं, बरी आहे" एवढंच. कळतं मला. फोन वाजला की तुझ्या सासूबाई टीव्हीचा आवाज बारीक करतात. आमच्याकडे तरी काय वेगळं आहे? दोन खोल्या, त्यातल्या एकीत मास्तर वह्या तपासत बसलेले. नवऱ्यासमोर बसून मावसबहिणीशी पाळीबद्दल आणि हनुवटीवरच्या केसांबद्दल काय बोलणार, कपाळ! म्हणून हे पत्र.

दिवसभर बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून माझं डोकं उठतं. गाडी लागली का, कधी लागणार, का नाही लागली. त्यात माझा आवाज हा असा घोगरा. परवा एका आजोबांनी खिडकीच्या भोकातून मला "अहो साहेब" म्हणून हाक मारली. मी म्हटलं, बोला. उगाच कुठे दुरुस्त करत बसू?

मुद्द्याचं लिहिते. मीही इथल्या दवाखान्यात तुझ्यासारखंच वजन उतरवायच्या पोटाच्या ऑपरेशनसाठी नाव घातलंय. मे महिन्यातला नंबर मिळालाय. एप्रिल संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं. नाही म्हटलं की नंबर दुसऱ्या बाईला जातो आणि आपण पुन्हा रांगेच्या टोकाला. मास्तरांना माहीत आहे, आणि आता तुला. कारण म्हणजे गुडघे. स्थानकाचा जिना चढताना हल्ली मला कठड्याला लोंबकळावं लागतं. शिवाय साखर. बाकी काही नाही. मुलाचा विषय आपण दोघींनी बंद केला तो बंदच आहे. इतकी इंजेक्शनं टोचून घेतल्यावर माझ्यात आता पुन्हा ते सगळं करायचं त्राण नाही.

तर मला खरं खरं लिही. दुखतं किती, खातेस काय, पस्तावलीस का. गोड करून सांगू नकोस. तुझ्या पत्रावर मी ठरवणार आहे.

तुझी ताई


१९ जानेवारी

ताई,

केकच्या दुकानात राबणाऱ्या बाईला म्हणतेस गोड करून सांगू नकोस! बरं, नाही सांगत.

पहिले काही दिवस वाईट गेले. पोटात कोणीतरी मूठ आवळून बसलंय असं वाटायचं. मग नुसतं पातळ, मग मऊ, आणि आता वाटीभर खाल्लं की बस्स. खरा त्रास कामावर होतो. क्रीम चाखल्याशिवाय जमलंय का ते कळत नाही, आणि चमचाभर गोड पोटात गेलं की दरदरून घाम आणि छातीत धडधड. एकदा तर मैद्याच्या पोत्यांवर जाऊन पडले. आता चाखायचं काम मालकीणबाई करतात, आणि त्यांना सगळंच छान लागतं. गेल्या आठवड्यात मिठाचा केक गेला असता गिऱ्हाइकाच्या घरी.

आता चांगलं सांगते. ऑपरेशनआधी माझं रक्त तपासलं तेव्हा पुरुषी हार्मोन इतकं निघालं होतं की डॉक्टरीणबाई चष्मा वर करून मला पुन्हा बघत होत्या. परवाच्या तपासणीत ते जवळजवळ बाकीच्या बायकांएवढं आलं. त्या म्हणाल्या, वजन उतरायला लागलं की अंगातलं इन्सुलिन उतरतं, आणि ते उतरलं की बीजांडकोश हे पुरुषी हार्मोन बनवायचं कमी करतात. मला एवढंच कळलं की चिमटा पर्समध्ये तसाच पडून असतो. आणि ताई, पाळी आली! गोळी नाही, इंजेक्शन नाही, आपली आपण आली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली. लोक कटकट म्हणतात तिला, मी बाथरूममध्ये उभी राहून हसत होते.

एक गंमत सांगू? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नका, शरीर रिकामं होत असतं, बाळाला पुरवायला काही उरत नाही. काळजी घ्या म्हणाल्या. मी फिसकन हसले. म्हटलं, बाई, लग्न झाल्यापासून आम्ही डोळ्यांत तेल घालून वाट बघितली तेव्हा कोणी आलं नाही, आणि आता दाराला कडी लावू? त्यांना नाही हसू आलं. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी दिली ती मी ड्रॉवरमध्ये टाकलीये.

सासूबाई विचारतात, आता हिला ठमी म्हणायचं कसं? मी म्हटलं, म्हणा तसंच, एवढ्यात काही काडी झालेली नाही.

पस्तावले नाहीये. तू करून टाक.

ठमी


२ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र खिडकीत बसून वाचलं. हसले, आणि मग उगाच रडायला आलं. बाहेर रांगेतला माणूस म्हणाला, बाई, गाडी रद्द झाली तर झाली, तुम्ही कशाला रडता?

पाळी आली ते वाचून बरं वाटलं. तेवढा भाग पुन्हा वाचला.

एक सहज विचारते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दिवस राहू देऊ नका, म्हणजे राहू शकतात असं झालं का? आपल्यासारख्यांना? पुढच्या वेळी जाशील तेव्हा विचारशील? मला काही करायचं नाही, नुसतं माहीत असावं म्हणून.

मास्तर तुला हसून नमस्कार सांगतायत. हसून सांग असं त्यांनीच सांगितलंय, चेहरा मात्र नेहमीसारखाच आहे.

ताई


२८ मार्च

ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. अंगात लिहायची ताकद नव्हती.

मी जानेवारीत तुला फार चढवून लिहिलं. आता खरं ऐक. महिनाभरावर झालं, पोटात काही टिकत नाही. सकाळी उठले की उलटी. दुकानात पाऊल टाकलं की व्हॅनिलाच्या वासानेच मळमळतं, आणि हा वास मला इतकी वर्षं अत्तरासारखा वाटायचा. केस गळतायत, डोक्यावरचे, जे हवेत तेच. गेल्या सोमवारी भट्टीसमोर चक्कर येऊन खाली बसले. ट्रे हातातून सुटला, नशीब रिकामा होता. मालकीणबाईंनी घरी पाठवलं.

सासूबाई म्हणतात, चांगलं धडधाकट पोट कापून घेतलंस, आता भोग. हे मात्र रात्री दुधाच्या गाडीवर जायच्या आधी माझ्या उशाशी पाणी ठेवून जातात.

आणि पाळीही गेली. दोनदा आली तेवढीच. मला त्याचं नवलही वाटलं नाही. आपल्याला महिनोन्‌महिने न येणं म्हणजे रोजचंच. मीच वेडी, आपण बाकीच्या बायकांसारख्या झालो म्हणून नाचत होते. सगळं ऑपरेशनचंच असणार, आतलं काही नीट बसलेलं नसणार. थकले गं ताई. कंटाळा आलाय या शरीराचा, दुसऱ्याचं ओझं उचलून फिरल्यासारखं वाटतं.

तू विचारलेलं मी विचारायला विसरले. तू घाई करू नकोस एवढं मात्र म्हणेन.

ठमी


६ एप्रिल

ठमे,

तुझं पत्र आल्यापासून माझ्या जिवात जीव नाही. चक्कर आली आणि तू घरी जाऊन झोपलीस? डॉक्टरांकडे कोण जाणार, मी? उद्याच्या उद्या जा. ऑपरेशन करणाऱ्या बाई आहेत ना, त्यांनाच गाठ, सासूबाईंचे काढे-बिढे नकोत. आणि मला लगेच कळव.

माझंही सांगते. इथल्या दवाखान्यातून फोन आला होता. महिनाअखेर हो की नाही सांगा म्हणाले. डॉक्टर म्हणजे तरुण पोरगा आहे, माझ्यापेक्षा लहान. सगळं नीट समजावतो, पण त्याचं पोट त्याच्या जागेवर आहे. मला तुझ्याकडून ऐकायचंय.

मास्तर म्हणाले, बहिणीला ताप देऊ नकोस. मी म्हटलं, ताप नाही देत, जीव टांगणीला लागलाय माझा.

ताई


२० एप्रिल

ताई,

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. सगळ्या तपासण्या झाल्या. काळजीचं काही नाही. ऑपरेशननंतर होतं म्हणे असं कधी कधी. विश्रांती सांगितलीये आणि लोहाच्या बाटल्या लावायच्यात.

तुझं तू बघून ठरव. प्रत्येकीचं शरीर वेगळं असतं.

फार लिहवत नाही.

ठमी


३ मे

ठमे,

तुझं पत्र मी उलटंसुलटं करून बघितलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. पानंच्या पानं बडबडणारी माझी बहीण "तुझं तू बघ" म्हणते, म्हणजे काय ते मी समजले. फार वाईट काहीतरी आहे आणि तू मला सांगत नाहीयेस. खोदून विचारत नाही. बरी हो म्हणजे झालं.

मी नाही म्हणून कळवून टाकलं. दवाखान्यात फोन उचलणारी मुलगी चांगली होती. "नक्की ना बाई?" असं तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नक्की. माझा नंबर त्याच दिवशी दुसरीला गेला.

बरंच झालं. गुडघे दुखायचेच या वयात. मास्तरांनी स्थानकाजवळ तळमजल्यावरची खोली बघितलीये भाड्याने, निदान घरचा तरी जिना चुकेल. मी रजा टाकलीये. पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येते. तुझं डोकं मांडीवर घेऊन बसते, दुसरं काय येतं मला?

ताई


११ मे

ताई,

येऊ नकोस. आधी हे वाच, मग ठरव.

मला दिवस राहिलेत. चौथा महिना संपत आलाय.

एप्रिलमध्ये गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. मला वाटलं गाठ आहे. "हे काय?" म्हटलं. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही ज्याला हसला होतात ते." रागावल्याच होत्या. म्हणाल्या, उलट्या, चक्कर, चुकलेली पाळी, कुठलीही बाई आठ दिवसांत ओळखते आणि तुम्ही महिने घालवलेत? ताई, मी कुठून ओळखणार? चुकलेल्या पाळीवर मी उभा जन्म काढलाय. पोट बिघडलं तर ते ऑपरेशनचं, चक्कर आली तर ती न खाण्याची. हार्मोन उतरलं की बीज सुटतं, असं त्यांनी तेव्हाच समजावलं होतं, आणि मी ते नीट ऐकलंच नव्हतं. तुझा प्रश्न मी विचारलाच नाही, त्याचं उत्तर असं मिळालं.

बाळ आत्तापर्यंत ठीक आहे, पण त्यांना धास्ती आहे. माझ्या अंगात लोह नाही, जीवनसत्त्वं नाहीत. दर आठवड्याला बोलावतात.

त्या पडद्यासमोर मला पहिलं काय सुचलं असेल तर तू. हे बाहेर होते, त्यांच्याआधी तू. तू इंजेक्शनं टोचून घेतलीस, दवाखान्यातल्या त्या टेबलांवर पडलीस, आणि राहिले कोणाला, तर दुधाच्या गाडीवरल्या माणसाच्या बायकोला, हसता हसता. मी घरी येऊन कागद घेऊन बसले. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. तू विषय बंद केला होतास. म्हटलं, आता कशाला तो उकरून काढू, तिचं ऑपरेशन होऊ दे, गुडघे बरे होऊ देत, मग सांगू. तुझ्या भल्यासाठीच गं. आणि ते तीन ओळींचं पत्र टाकलं. त्याने तू नंबर सोडशील हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

तुझं पत्र आल्या आल्या मी दुकानातल्या फोनवरून तुझ्या दवाखान्यात फोन लावला. म्हटलं, माझ्या बहिणीची चूक नाही, माझी आहे, तिचा नंबर परत द्या. ती मुलगी म्हणाली, त्या बाई भरतीसुद्धा झाल्या.

ताई, शिव्या दे. पण काहीतरी लिही.

ठमी


२ जून

ठमे,

शिव्या देत नाही. रात्री पाठ करून ठेवल्या होत्या, सकाळी एकही आठवेना.

तुला दिवस राहिले म्हणून मी जळले का? जळले. लपवून काय उपयोग? तासभर मोरीत नळ सोडून बसले होते. पण त्याने मला एवढं लागलं नाही. मला लागलं ते हे, की मी महिनाभर तुला मरणाच्या दारात बघत होते आणि तू मला बघू दिलंस. मी देवाला नको नको ते बोलले तुझ्यासाठी.

आणि आता तू खरं सांगितलंयस तर मीही सांगते. गुडघ्यांसाठी नव्हतं.

गुडघे दुखतात, पण गुडघ्यांसाठी मी पोट कापून घेतलं नसतं. डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं तेव्हा तुझ्यासारखंच निघालं, हार्मोन चढलेलं, साखर काठावर. तो पोरगा म्हणाला, वजन उतरलं तर पाळी परत येऊ शकते. बस, तेवढ्यावर मी नाव घातलं. मास्तरांनाही गुडघेच सांगितले. मी अडतीस वर्षांची आहे. ऑपरेशन, मग दीड वर्ष थांबायचं, मग बघायचं, हे सगळं बोटांवर मोजून मे महिना शेवटचा म्हणून धरला होता. तुलाही नाही सांगितलं, कारण दोघींनी मिळून आशा सोडली होती ना, मग मी एकटीनेच ती परत धरली हे सांगायची लाज वाटली. आशेची लाज वाटते गं या वयात.

म्हणजे तू मला जपलंस आणि मी तुला. आणि त्यात माझा नंबर गेला.

गोळ्या वेळेवर घे. लोहाच्या बाटल्या चुकवू नकोस. सध्या मला लिहू नकोस.

ताई


८ ऑक्टोबर

ताई,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून ऑगस्टपर्यंत थांबले. मग दोन पत्रं टाकली, तुझं उत्तर नाही. हे तिसरं.

मागच्या आठवड्यात मंगळवारी मुलगी झाली. दिवस भरायच्या थोडी आधीच आली. इवलीशी आहे, पहिले काही दिवस काचेच्या पेटीत होती. आता माझ्याजवळ आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, वजन धरेल हळूहळू. पोरीने वजन धरावं म्हणून मी दिवसरात्र जागतेय, मी! सासूबाई तिला मांडीवर घेऊन टीव्ही बघतात, आवाज पूर्ण बंद करून.

मला आनंद झालाय, ताई. तो तुला लिहिताना हात अडखळतो, पण झालाय. आणि दमलेय इतकी की आनंद कुठे ठेवू तेही कळत नाही.

ये ना. नाहीतर फोटो पाठवू का?

ठमी


२७ नोव्हेंबर

ठमे,

तिन्ही पत्रं मिळाली. वाचली. उत्तर द्यायला जमलं नाही, ते आता जमवतेय.

मी पुन्हा नाव घातलं. पुढच्या वर्षाअखेरीचा नंबर मिळालाय, तोवर एकोणचाळीस उलटलेलं असेल. या वेळी त्या पोरसवदा डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशन कशासाठी करायचंय? मी तोंड उघडलं आणि म्हटलं, मुलासाठी. मास्तर शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागले. पण त्यांनी माझा हात धरला, दवाखान्यात, चारचौघांत, आमच्या मास्तरांनी! डॉक्टर स्पष्ट बोलला. हार्मोन बहुतेक उतरेल, पाळी बहुतेक येईल, पुढचं वयावर आहे आणि ते माझ्या हातात नाही. मी म्हटलं, चालेल. चालेल म्हणजे काय कोण जाणे, पण म्हटलं.

मुलीला बघायला मी एवढ्यात येणार नाही. येववत नाही. तुझ्यावरचा राग गेला का, तर बराचसा गेला. उरलाय तो तुझ्यावर नाही, कोणावर आहे ते मला ठाऊक नाही.

फोटो पाठवू नकोस. फोटो एकदम समोर येतो. तू पत्रात लिही तिच्याबद्दल. डोळे कसे आहेत, रडते कशी, कोणावर गेलीये. पहिल्याच ओळीत नको, आधी दुकानाचं, सासूबाईंचं, इकडचं तिकडचं लिही आणि मधेच कुठेतरी तिला आण. पत्र सावकाश वाचता येतं. नाही सोसलं तर मी घडी घालून ठेवीन आणि दुसऱ्या दिवशी पुढचं वाचीन.

ताई